एका हाताची विळी

अक्काचा उजवा हात मनगटापासून गेला, त्या वर्षी आमच्या मळ्यात केळी अशी लागली होती की घडांच्या ओझ्यानं खांब कलायचे आणि माझे वडील, नाना, दिवसभर त्यांना बांबूचे टेकू देत फिरायचे. मळ्यात असं भरलेलं पीक आणि घरात भिंतीला टेकून बसलेली अक्का, दोन्ही एकाच वर्षातलं, त्यामुळे मला ते वेगवेगळं आठवतच नाही. सावदा स्टेशनकडे केळी घेऊन जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग उजाडल्यापासून सावद्यातल्या आमच्या दारावरून जायची. चाकांची कुरकुर, गाडीवानांच्या हाका, घडांवर झाकलेल्या ओल्या पानांचा वास. मी दारात उभी राहून गाड्या बघायची आणि मागे वळले की ओसरीवर अक्का दिसायची. उजवा हात पदराखाली आणि नजर चुलीकडे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण द्वारका. मी चालायला लागले तेव्हा ती भाकरी थापत होती, एवढं आमच्यात अंतर. माय दिवसभर नानांबरोबर मळ्यात राबायची, त्यामुळे मला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, तापात कपाळावर ओलं फडकं ठेवणं, सगळं अक्काकडे. मायच्या हाताचा स्पर्श मला फारसा आठवत नाही, पण अक्काचा हात आजही डोळे मिटले की जाणवतो. रुंद तळवा, आखूड बोटं, नखांच्या कडेला लसणाचा वास, आणि वेणी घालताना मानेवर टेकणारी ती गरम मूठ. गेला तो हाच हात.

तिचं सासर धुळ्याजवळच्या एका खेड्यात. कापूस, भुईमूग आणि दारात बैलजोडी असलेलं कष्टाचं घर. दाजी, म्हणजे तिचे यजमान, मोठे मेहनती आणि अबोल. कडबा कापायचं चाकाचं यंत्र त्यांनी हौसेनं आणलं होतं. एका दुपारी दाजी चाक फिरवत होते आणि अक्का कडब्याच्या पेंढ्या आत सारत होती. नवराबायकोचं रोजचं काम. त्या दिवशी ज्वारीचं एक ताट आत अडकलं, ते मोकळं करायला तिनं हात घातला, आणि दाजींचा हात चाकावरून निघायच्या आत जे व्हायचं ते झालं. दाजींनी तिला गाडीत घालून धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. वाटभर ते बैलांना हाकत होते आणि रडत होते, असं पुढे त्यांच्याच गावच्या एका बाईनं सांगितलं. अक्का त्यातलं काही कधी बोलली नाही.

जखम भरल्यावर ती बरी होण्यासाठी म्हणून आमच्याकडे आली आणि मग गेलीच नाही. दाजी अधूनमधून एस.टी.ने यायचे. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी, डोक्यावर टोपी, पायावर पारोळ्याच्या रस्त्याची धूळ. ओसरीवर नानांसमोर बसून कापसाच्या भावाचं बोलायचे, चहा घ्यायचे, आत एकदा बघायचे आणि परतीची गाडी गाठायचे. त्यांच्या आईनं दुसरं लग्न कर म्हणून लकडा लावला होता, हे आमच्या कानावर आलं होतं. दाजी त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. एकदा माय अक्काला म्हणाली, "पोरी, मानूस इतक्या लांबून येतो, रिकामा जातो. जा त्याच्यासंग." तेव्हा अक्का शांतपणे म्हणाली ते मी दाराआडून ऐकलं.

"माय, मी तिथं जाऊन काय करू? बसून खाऊ? ते माह्या हाताकडं बघत राह्यतीन आनि मी त्याह्यच्या डोयाकडं. जन्मभर? माह्या हातानं माह्या घरचा सैपाक होईन, त्या दिवशी मी जाईन. त्याच्या आधी नाही."

मला त्या वेळी खरं सांगायचं तर बरंच वाटलं. अक्का घरात होती. सकाळी ती उठायची त्याची चाहूल, डाव्या हातानं चुलीत काटक्या सारताना तिचं पुटपुटणं, दुपारी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडणं, हे लग्नानं हिरावून नेलेलं सगळं मला परत मिळालं होतं. माझी शाळा सातवीनंतर सुटली होती आणि माझ्या लग्नाची बोलणी अजून सुरू व्हायची होती. मधला तो काळ. घरात दोघी बहिणी, दोघींना कुठेही जायचं नाही, असं मला वाटायचं.

भाकरी ती एका हातानं शिकली. परातीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचा गोळा ठेवून डाव्या तळव्यानं थापायची आणि परात तव्यावर अशी कलती करायची की भाकर अलगद उतरे. सुरुवातीला फाटायच्या, मग जमल्या. पीठ मळणं जमलं, फोडणी जमली, खलबत्ता दोन पायांत धरून मिरच्या कुटणंसुद्धा जमलं. अडायचं ते चिरण्यापाशी. विळीवर बसायचं म्हणजे पाटावर पाय दाबायचा आणि भाजी दोन्ही बाजूंनी दोन हातांत धरून पात्यावर ढकलायची. एका हातात वांगं फिरायचं, कांदा निसटायचा, मेथीची जुडी तर पात्याला टेकताच पसरायची. एके दिवशी वांगं फिरलं आणि पातं तिच्या डाव्या अंगठ्यात गेलं. रक्त फारसं आलं नाही. पण माय मळ्यातून आली, तिनं अंगठ्याला बांधलेली चिंधी पाहिली, आणि विळी उचलून फडताळाच्या वर, हात पोचणार नाही अशी ठेवून दिली.

"आता एकच राह्यला हाये," माय म्हणाली. "त्याले तरी सांभाय."

त्या दिवशी अक्का जेवली नाही आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसली. मी तिला इतकी मोडलेली, दवाखान्यातून आली तेव्हाही पाहिलं नव्हतं. माझ्या मनात काय आलं ते मला नीट आठवतं. मला वाटलं, हात काही परत करता येणार नाही, पण विळी तर बदलता येईल. ती काही देवानं केलेली नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिका मिस्तरी बसायचे. वखर, तिफणी, गाडीची चाकं असली कामं. तरण्या मुलीनं मिस्तरीच्या पुढ्यात जाऊन बसणं तेव्हा रीतीचं नव्हतं, पण नानांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जाऊ दे तिले." भिका मिस्तरी तिरसट होते. माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "विळी ती विळी. तिच्यात काय बदलायचं?" पण फळीचा तुकडा आणि खिळे दिले. मी त्या फळीत खालून खिळे ठोकून घेतले, टोकं वर. वांगं त्या टोकांवर रोवायचं आणि डाव्या हातात सुरी घेऊन कापायचं. मला वाटलं, झालं काम.

अक्कानं माझं मन राखायला तीन-चार वांगी कापली. मग मेथीची जुडी उचलली, खिळ्यांवर ठेवली, माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी हसलो. मेथी काय खिळ्यावर रोवणार! शिवाय आमच्याकडे सुरीची सवय कोणाला? सुरी आंब्यापुरती. अक्का म्हणाली, "कमल, तू चांगलं केलं. पन वांगं असं खियावर ठोकेलं पाहून मले कसंतरीच व्हतं." खिळ्यांची फळी गोठ्याकडे गेली.

दुसरी खटपट मला जास्त हुशारीची वाटत होती. नानांचा सुपारीचा अडकित्ता पाहून सुचली होती. पातं पाटाला एका टोकाशी बिजागरीनं जोडायचं, दुसऱ्या टोकाला दोरी, दोरी पायाच्या पट्टीला. पाय दाबला की पातं खाली, सोडला की वर. डावा हात भाजी सारायला मोकळा. भिका मिस्तरींनाही त्यात गंमत वाटली. त्यांनी जुन्या विळ्याचं पातं शोधून दिलं आणि माझ्याबरोबर बसून बिजागरी बसवली. मी ते घरी आणलं, ओसरीवर ठेवलं, काकडी घेतली आणि अक्काला म्हणाले, "बघ." पाय दाबला. पातं खाली आलं, काकडीचा तुकडा उडाला. पुन्हा दाबला. मी मान वर केली तेव्हा अक्का पांढरी पडली होती. तिचा डावा हात पदराखालच्या हातावर घट्ट दाबलेला. ती उठली, मागच्या दारी गेली, आणि तिला उलटी झाल्याचं मी ऐकलं.

मी पेंढी सारायचं ते यंत्रच घरात आणलं होतं. मला ते दिसलं नव्हतं, आणि तिला दुसरं काही दिसलं नव्हतं. नाना आले, त्यांनी बिजागरी उचकटली आणि पातं दूर नेऊन ठेवलं.

त्यानंतर बरेच दिवस विळीचं नाव कोणी काढलं नाही. अक्का चुलीशी जाईना; स्वयंपाक मी करायची आणि तो वाईट व्हायचा. थंडी पडली होती. भरताची हिरवी वांगी बाजारात आली होती, तुरीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा धूर गल्लीभर असायचा, आणि आमच्या घरात अक्कासारखं भरीत करायला कोणी नव्हतं. माझ्या हातची कांद्याची पात जाडी भरडी पडायची. नाना मुकाट्यानं खायचे. अक्काही खायची. तिच्या हातचं ते भरीत, ठेचलेल्या लसूण-मिरचीचा झणका, वरून शेंगदाणे, अगदी बारीक, सारखी चिरलेली हिरवी पात, त्याची चव मी त्यानंतर पुष्कळ ठिकाणी शोधली. नाशकात मुलाच्या घरी आता मोठा ओटा आहे, गुळगुळीत, चिरायला पाच तऱ्हेच्या सुऱ्या आणि वाटायला यंत्र. भरीतही होतं. सून मनापासून करते. मी 'छान झालंय' म्हणते आणि ते खरंही असतं. पण जीभ म्हातारी झाली तरी विसरत नाही.

तर त्या दिवसांत मी आणि अक्का दुपारी मळ्यात जायचो. घड काढून नेलेले खांब तोडून टाकलेले असत. त्यांची सोपटं, म्हणजे खांबावरचे एकावर एक गुंडाळलेले पन्हळीसारखे पापुद्रे, मी उगाच सोलत बसायची. ओली, गार, गुळगुळीत सोपटं. अक्का बांधावर बसलेली. त्या दिवशी मी प्रथमच तिला काही सुचवलं नाही, नुसतं विचारलं. "अक्का, तुले नेमकं काय अडतं?"

ती पाण्याच्या दांडाकडे बघत म्हणाली, "पातं हालायले नको. पातं आपल्या जागी राह्यलं पाह्यजे. मले ठाव पाह्यजे ते कुठं हाये. हालायचं तर मी हालीन." थोड्या वेळानं म्हणाली, "आनि जुडी पसरते. ह्या बाजूनं धरायले कोनी नाही." आणि तिनं पदराखालून उजवा हात थोडा पुढे करून दाखवला, कुठल्या बाजूनं ते.

आम्ही घरी आलो. माय अजून मळ्यातच होती. मी स्टुलावर चढून फडताळावरची विळी काढली आणि अक्कासमोर ठेवली. ती पाटावर पाय ठेवून बसली. मी मळ्यातून आणलेलं एक सोपटं वीतभर तोडून पात्याच्या उजव्या बाजूला पाटावर आडवं ठेवलं आणि त्यात गवारीच्या मूठभर शेंगा ओळीनं मांडल्या. शेंगांची टोकं सोपटाबाहेर, पात्याच्या पलीकडे डाव्या बाजूला. अक्कानं ती टोकं डाव्या हातात धरली. मग माझ्याकडे न बघता तिनं पदर मागे सारला आणि उजवा हात, कोपरापासून मनगट संपतं तिथवरचा, सोपटातल्या शेंगांवर आडवा टेकवला. घरात आल्यापासून तो हात पहिल्यांदा पुरता उजेडात आला होता. तिनं त्याच हातानं सोपटं पुढे सारलं. ओलं सोपटं पाटावरून असं घसरलं जसं तेलावरून. शेंगा पात्यावर गेल्या, कच्च आवाज आला, आणि तुकडे सारखे, एका मापाचे, डावीकडे ताटात पडले. मागे ओढलं, शेंगा डाव्या हातानं थोड्या डावीकडे ओढल्या, पुन्हा सारलं. कच्च. पुन्हा. कच्च.

ती थांबेचना. शेंगा संपल्या तशी म्हणाली, "कांद्याची पात दे." पात झाली. "मेथी दे." मेथी झाली. जुडी सोपटाच्या कुशीत पडून होती, वरून तिचा हात, पसरायला जागाच नव्हती. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि चेहरा मी ओळखत होते तो, लग्नाआधीचा, चुलीपुढे कामात बुडालेल्या अक्काचा.

माझी नात अशाच वस्तू घडवण्याचं शिक्षण घेते. तिच्या खोलीच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात: आधी बघा, मग विचारा, मग करून बघा, मोडा, पुन्हा करा. मी तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती उठून बसली आणि म्हणाली, "आजी, हीच तर डिझाइन प्रोसेस! ते सोपटं म्हणजे तुमचा प्रोटोटाइप." असेल. मी तिला म्हटलं, तुझ्या चिठ्ठ्यांत 'विचारा' दुसरं आहे, माझ्याकडे ते फार उशिरा आलं.

सोपटं दुसऱ्या दिवशी काळं पडलं आणि तडकलं. मग लाकडाचं करायचं ठरलं. भिका मिस्तरींनी सोपटासारखीच गोल पन्हळ कोरून दिली; तिच्यात शेंगा छान बसायच्या, पण कांदा घरंगळायचा. तेव्हा उघड्या पुस्तकासारखी, दोन फळ्या एकमेकींना तिरप्या टेकवून केली. त्यात मिरचीही बसे आणि दुधीही. पातं पाटाच्या मधोमध होतं ते डावीकडे सरकवून रोवलं, उजवीकडे पन्हळीला पुढेमागे जायला जागा झाली. ती घसरावी म्हणून खाली खाचा पाडल्या. घरी नेलं, दोन दिवस झोकात चाललं, तिसऱ्या दिवशी भाजीच्या पाण्यानं लाकूड फुगलं आणि पन्हळ अडकून बसली. मी ती डोक्यावर घेऊन परत गेले. "आता काय झालं?" मिस्तरी ओरडले. त्यांना वाटलं आपलं कामच नीट झालं नाही. त्यांनी खाचा रुंद केल्या, तर पन्हळ डगडगायला लागली. शेवटी अक्का स्वतः आली. पदर खांद्यावरून घेऊन, उजवा हात उघडा, गल्लीतून चालत. बायका दारांत उभ्या राहून बघत होत्या. ती मिस्तरींसमोर बसली, चालवून दाखवलं, कुठे अडतं, कुठे डोलतं. ते दोघं आणि मी, दुपारभर त्या पन्हळीवर डोकं लढवत बसलो. खाचा बुजवून वरून बांबूच्या दोन गुळगुळीत कांब्या बसवायच्या आणि त्यांना रोज तेलाचं बोट लावायचं, हे त्या दुपारी ठरलं. कोणाच्या तोंडून आधी निघालं ते मला आठवत नाही.

मायनं ती विळी पाहिली आणि तोंड फिरवलं. तिला अंगठ्याची भीती होती. मग एके दिवशी ती मळ्यातून लवकर आली, दारातच थांबली, आणि अक्का कोथिंबीर चिरत होती ते बघत राहिली. अक्काला कळलं नाही. माय आत आली, पाय धुतले, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "थोडी जास्त चीर. चटनीलेबी लागीन."

दाजी आले ते थंडी सरत आली तेव्हा. नेहमीसारखे ओसरीवर टेकले, शेंगांची पिशवी मायच्या हातात दिली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. नाना त्यांच्याशी बोलत होते. मी पाणी घेऊन गेले तेव्हा पाहिलं, दाजींचं लक्ष बोलण्यात नव्हतं. आतून आवाज येत होता. कच्च. थोडी उसंत. कच्च.

"कोन चिरी राह्यनं?" त्यांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं.

"द्वारका," नाना म्हणाले.

दाजींनी तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. जेवायला पानं मांडली. भरीत, कळण्याची भाकर, लोण्याचा गोळा, मेथीची भाजी. मी वाढत होते. पहिला घास घेऊन दाजींनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"भरीत कोनी करं?"

"मी," अक्का चुलीपासून म्हणाली. ती दारात येऊन उभी राहिली, दोन्ही हात उघडे. मोठ्या माणसांसमोर बायको नवऱ्याशी बोलायची नाही असा तो काळ. पण नाना उठून बाहेर गेले आणि माय मागच्या दारी. मीच तेवढी हातात भाकरीची टोपली घेऊन खांबाशी अडकले.

दाजी ताटाकडे बघत म्हणाले, "ते मशीन मी खोली टाकं. ढोरं आख्खा कडबा खातस."

त्यांनी यंत्र खोलून, सुटं करून ठेवलं होतं. बैल अख्खी ताटं चघळत होते. अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती आता रडेल.

"लावा परत," ती म्हणाली. "बैलांनी काय केलं व्हतं?"

दाजींनी तेव्हा मान वर केली. अक्काचा उजवा हात त्यांच्या समोरच होता. त्यांनी तो पाहिला आणि या खेपेला नजर काढून घेतली नाही. अक्का म्हणाली, "उद्या सकायच्या गाडीनं निघू. विळीले पोतं गुंडायलं पाह्यजे, पातं लागीन कोनाले." एवढंच. मग माझ्याकडे वळून, जणू काही झालंच नाही अशी, "कमल, त्याह्यले भाकर वाढ. उभी काय राह्यली?"

मी भाकर वाढली. माझ्या हातांना ते काम येत होतं म्हणून झालं. मनात मी कुठे होते मला माहीत नाही. इतके महिने मी एकच गोष्ट धरून बसले होते, की अक्काच्या हातून चिरलं जावं. ते झालं तर ती जाणार, हे तिनं मायला सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आणि तरी, देवाशपथ सांगते, त्या पन्हळीमागे पळताना एकदाही माझ्या ध्यानात आलं नव्हतं की मी तिच्या जाण्याचीच तयारी करते आहे. आलं असतं तरी केलीच असती. पण मग रोज थोडं थोडं रडून घेतलं असतं. सगळं एका दिवसावर आलं नसतं.

सकाळी एस.टी.च्या थांब्यावर केळीच्या गाड्यांची गर्दी होती. दाजींनी पोत्यात बांधलेली विळी टपावर द्यायला नकार दिला. मांडीवर घेऊन बसले. अक्का खिडकीशी. ती माझ्या वेणीकडे बघत म्हणाली, "आज कोनी घातली? वाकडी झाली." मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, "शीक आता." गाडी सुटली, फैजपूरच्या वळणावर धूळ उडाली आणि खाली बसली. मी नानांच्या मागे घरी आले. चुलीपुढची जागा सारवलेली होती आणि तिथे कोणी नव्हतं. दुपारी मला तिच्या मांडीची इतकी आठवण झाली की मी पोटात दुखतंय म्हणून माजघरात जाऊन पडले. माय आली, माझ्या डोक्याशी बसली, तिनं माझ्या केसांत हात घातला. मळ्यातल्या कामानं खरखरीत झालेला हात. तिला वेणी घालता येत नव्हती, पण ती बराच वेळ बसून राहिली.

आखाजीला अक्का आली. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, गल्लीतल्या निंबाला झोके बांधतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. मी थांब्यावर सकाळपासून उभी. ती उतरली ती अंगानं भरलेली, नवं लुगडं, दोन्ही हात मोकळे. घरात आली तशी ओसरीवर बसली. मायनं तिला चुलीकडे येऊ दिलं नाही. लेक पाहुणी म्हणून आलेली. अक्काही उठली नाही. ती दाजींच्या आईच्या गोष्टी सांगत होती, शेजारणी तिच्या विळीवर कशा हात चालवून बघतात ते सांगत होती, गाईला झालेल्या कालवडीचं नाव काय ठेवलं ते सांगत होती. सगळ्यांत हसत होती. मी तिच्या शेजारी बसून तिच्या गावातल्या माणसांची नावं ऐकत होते, जी मला माहीत नव्हती.

संध्याकाळी आम्ही निंबाखाली गेलो. झोका रिकामा झाला तशी अक्का फळीवर बसली. मी मागे उभी. माझं लक्ष उजव्या दोरावर गेलं. तिथे मूठ नाही, ती धरणार कशी? मनात लगेच चालू झालं, दोराला एक फासा करता येईल, कातडी पट्टा लावता येईल, पट्ट्याला आतून मऊ कापड. मी तोंड उघडणार तोच तिनं उजवं कोपर दोराभोवती घालून आत वळवलं, सहज, रोजच्यासारखं, आणि पाय जमिनीवरून उचलले.

"अक्का, नीट धरलं का?" मी विचारलं.

"धरेल शे," ती म्हणाली.

'शे' हे दाजींच्या बोलीतलं; पूर्वीची सावद्याची अक्का असती तर 'धरलं हाये' म्हणाली असती. बोलताना तिला ते जाणवलंही नाही. मी तिच्या पाठीला दोन्ही हात लावले आणि झोका जोरानं पुढे ढकलला.